दुपारी बारानंतर बंद पडणारा ट्रक

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. डावे दार निळे, उजवे दार भंगारातून आणले म्हणून पांढरे, आणि मागच्या हौद्याचा मूळ रंग कोणता होता ते मलाही आठवत नाही. मी पिकअप ट्रक आहे आणि आता म्हातारा झालो आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, कुचेरांच्या कुरणावर माझा सारा जन्म गेला. जे सांगणार आहे ते घडत असताना मला काडीचेही कळत नव्हते, तेव्हा सांभाळून घ्या.

कारखान्यातले फारसे आठवत नाही. कुणीतरी बॉनेट धाडकन आपटले, एवढेच. मग ओरव्हिल कुचेरांनी मला विकत घेतले. मी कुंपणाचे खांब वाहिले, गवताचे भारे वाहिले. थंडीने काकडलेली नवजात वासरे माझ्या हीटरसमोर शेकून निघाली. ओरव्हिलची बायको अडेला म्हणायची, "घरातल्या माणसांपेक्षा हाच जास्त उपयोगाचा." मला तेव्हा फार बरे वाटे. सात वर्षांपूर्वी अडेला वारली आणि कौतुक करणारे कुणी उरले नाही.

माझ्या इंजिनात ठिणगी पाडायला दोन इवलेसे पॉइंट होते. ते उघडझाप करत आणि दर वेळी ठिणगी उडे. ते सारखे काळे पडत. मग ओरव्हिल कानशीने घासून त्यांच्यातली फट पुन्हा नीट बसवत. पण हाताला कंप सुटला तसे ते काम त्यांच्याने होईना. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लांबच्या कुरणात मी बंद पडलो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फातून तीन मैल चालत घरी आला. त्यांची दोन बोटे काळीनिळी पडली होती. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांची मुलगी मार्लिस शहरात शाळेच्या डिझेल बसगाड्या दुरुस्त करते. ती तडक आली.

"बाबा, आता बास. मी नवी इलेक्ट्रॉनिक डबी बसवते. पॉइंट नकोत, घासणं नको. ट्रक नीट चालला तर राहा इथे. पण पुन्हा बंद पडला, तर गुरं विकायची आणि माझ्याकडे यायचं."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"मग गुरं कशाला विकायची? तीही येतील लिफ्टने," ओरव्हिल म्हणाले. हसले मात्र नाहीत.

डबी बसली. काय सांगू मित्रांनो, पहिल्या फटक्यात सुरू! मला वाटले, आता आपण दोघेही इथेच सुखाने म्हातारे होणार. पंधरा दिवस मी वाऱ्यासारखा पळालो. सोळाव्या दिवशी सकाळी चारा टाकून आलो, अंगणात उभा राहिलो आणि दुपारी किल्ली फिरवली तर ठिणगीच नाही. स्टार्टर आपला गरगरतोय आणि मी ढिम्म.

मार्लिस दीडशे मैल गाडी हाकत आली. तिने बॅटरी तपासली, प्लग काढून पुसले, वायरी ओढून पाहिल्या. शेजारचे गेलन विटेक कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, खात खात बघायला आले. जर्दाळूचा गर त्यांच्या बोटांना लागला होता आणि त्याच बोटाने ते माझ्यात काय काय दाखवत होते.

"वायरी उलट्या जोडल्यास का गं?"

"नाही, काका."

"मग ऊन लागलं असेल डबीला."

"फेब्रुवारीत?"

"बघ बाई. तू पडलीस डिझेलवाली. डिझेलला ठिणगी लागतच नाही, तुला काय कळणार तिची नाटकं!"

मार्लिस चिडली. तिने दुसरी डबी मागवून बसवली. बॅटरीपासून जाड वायर टाकली, गंजलेले जोड खरवडून चकचकीत केले. मी पुन्हा पहिल्या फटक्यात सुरू. आणि बारा दिवसांनी पुन्हा मेलो! तेही दुपारीच! सकाळी ठणठणीत असणारा मी जेवणानंतर मढे का होतो? मी काही खातो का पितो? माझे डोके चक्रावून गेले. मीच अपशकुनी आहे, मालकाला घराबाहेर काढायलाच जन्मलो आहे, असे मला वाटू लागले.

गेलन म्हणाले, "ओरव्हिल, पॉइंटच बरे होते रे."

"बरे होते. मी बरा राहिलो नाही," ओरव्हिल म्हणाले आणि घरात गेले.

मार्लिस तिसरी डबी घेऊन आली तेव्हा तिच्याजवळ पुठ्ठ्याची खोकीही होती, बापाचे सामान भरायला. या वेळी ती चार दिवस राहणार होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती मला सुरू करून बघे. दुपारी ओरव्हिल बाहेर पडत, तेव्हा ते गोठ्याकडे जातात असे तिला वाटे. तिसऱ्या दिवशी खोक्यात अडेलाचे पातेले भरू की नको, हे विचारायला ती बाहेर आली. ओरव्हिल माझ्यात बसले होते. इंजिन बंद होते, किल्ली फिरवलेली होती आणि रेडिओ चालू होता.

बारा वाजता आमच्याकडे रेडिओवर आधी गुरांचे भाव सांगतात. मग कोण वारले त्यांची नावे येतात. मग अर्धा तास पोल्का हे नाचाचे संगीत लागते. अडेला गेल्यापासून ओरव्हिल हे सगळे माझ्यातच बसून ऐकत. मला ते माहीत होते हो! रोजचेच होते. पण या गोष्टीचा माझ्या दुखण्याशी संबंध असेल, हे माझ्या लोखंडी डोक्यात एकदाही आले नाही.

मार्लिसने बॉनेट उघडले. ठिणगीसाठी वीज वाढवून देणाऱ्या कॉइलला हात लावला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला.

"बाबा, रेडिओ नुसता लावायचा तर किल्ली डावीकडे फिरवायची असते."

"डावीकडची खाच केव्हाच झिजली. उजवीकडे फिरवली की लागतो."

"अहो, उजवीकडे फिरवली की कॉइलला आणि डबीलाही वीज जाते. इंजिन फिरत नसलं की दोघं नुसती भाजत राहतात. दोन डब्या तुम्ही पोल्का ऐकत भाजल्यात! पॉइंटही त्यामुळेच इतके जळत होते."

"म्हणजे मीच," ओरव्हिल म्हणाले. त्यांनी किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "घे. पातेलंही भर."

मार्लिसने किल्ली घेतली नाही.

"घरातही रेडिओ आहे ना, बाबा? त्यावर का नाही ऐकत?"

"घरात एकटा बसलो की एकटा दिसतो गं. ट्रकात काय, माणूस एकटाच बसतो."

मला रडता येत असते तर मी त्या क्षणी रडलो असतो. मार्लिसला रडता येत होते, ती रडली. मग नाक पुसून तिने हत्यारांची पेटी उघडली आणि बॅटरीपासून रेडिओपर्यंत एक वेगळी वायर टाकली.

"आता किल्लीला हात लावायचा नाही. रेडिओचंच बटण दाबायचं."

"आणि ऐकत ऐकत मी झोपलो तर? बॅटरी उतरेल."

"उतरू दे. मी येऊन भरीन."

ती पांढऱ्या दारातून आत आली आणि बापाशेजारी बसली. त्या दिवशी वारलेल्यांची तीन नावे होती. तिघांचीही ओळख ओरव्हिलनी तिला सांगितली, अगदी कुणाचा बैल कुणाच्या कुंपणात शिरला होता इथपर्यंत. खोकी संध्याकाळी गोठ्यात गेली आणि त्यांच्यात मांजर व्याली.

मित्रांनो, तुमच्या घरातले काही पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर नवे भाग जरूर आणा. पण आधी पाना खाली ठेवून ते वापरणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसा. माझ्यावर तिघांनी डोके लढवले, दोन डब्या जळाल्या, आणि खरे दुखणे बॉनेटखाली नव्हतेच.

तिसरी डबी अजून शाबूत आहे. ओरव्हिल आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि इथेच आहेत. मार्लिस महिन्यातून एकदा येते, आणि येते ती बाराच्या आत.