सह्याद्रीचा चौथा पराभव

मला टीममधून काढलं ते शाल आणि नारळ देऊन. आपल्या लोकांना एखाद्याला नको म्हणायचं असलं की ते आधी त्याचा सत्कार करतात, आणि ही खोड ख्राइस्टचर्चला येऊनही सुटलेली नाही. रिकार्टनच्या एका हॉटेलात मिसळीच्या प्लेट्स उचलायच्या आत सुशील उभा राहिला. "मंदाताईंनी सहा वर्षं सह्याद्रीसाठी खूप केलं. आता त्यांनी आराम करावा. कोचिंगचं आम्ही बघतो. मॅचच्या दिवशी डब्यांचं तेवढं त्यांनी बघितलं तर हीप्स, म्हणजे खूपच बरं होईल." टाळ्या वाजल्या. माझा नवरा मोरेश्वरही वाजवत होता. त्याला मी घरी आल्यावर चांगलाच धारेवर धरला.

सह्याद्री ही बेसबॉलची टीम मी उभी केली होती. इथल्या सोशल लीगमध्ये बायका-पुरुष एकत्र खेळतात. आमचे सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, क्रिकेटवर वाढलेले. मी शाळेत खो-खो खेळलेली आणि आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिथे एक ट्यूब मागेपुढे झाली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो, त्यामुळे क्रम म्हटला की मी फार कडक. बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक टीममध्ये उघडून वाचलेली मी एकटीच.

सुशील आदल्या वर्षी ऑकलंडहून बदलून आला. आयटीत मॅनेजर, बोलायला साखर. त्याने इथल्या जून-ऑगस्टच्या हिवाळाभर फोन करकरून स्टार जमवले. दोन युनिव्हर्सिटीचे कॅप्टन, एक वेलिंग्टनचा फास्ट बोलर आणि सगळ्यांचा मुकुटमणी चारुदत्त, जो भारतात रणजी खेळून आला होता. माझी जुनी माणसं एकेक करून गळाली. उरली फक्त स्वानंदी, कारण नऊ जणांत एक तरी बाई हवी असा लीगचा नियम आहे. साताऱ्याची ही मुलगी इथे शिकायला आली आणि आता वृद्धाश्रमात केअरगिव्हर आहे. दोन वर्षं दर रविवारी मी तिला बॉल टाकले होते. सुशीलने तिला बॅटिंगला नवव्या नंबरवर, म्हणजे सगळ्यांत शेवटी टाकलं.

मी डबे केले नाहीत. मी सरळ रस्टी नेल्सकडे गेले. ही टीम सुतार आणि प्लंबर लोकांची, निम्म्यांचे गुडघे गेलेले, गेल्या वर्षी तळाला. त्यांचा कॅप्टन हेमी भूकंपानंतर अर्धं शहर पुन्हा बांधण्यात राबलेला. मी म्हटलं, "तुला कोच हवाय का?" माझ्या नावाची मोडतोड करत त्याने माओरीत रामराम घातला, "कीया ओरा, मॅण्डी. आम्हाला तर चमत्कारच हवाय."

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. नेल्सनी पहिल्या तिन्ही मॅचेस जिंकल्या. सह्याद्रीचे स्टार तिन्ही हरले. मला मात्र काही नवल वाटलं नाही. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर पळायचं की नाही ते दोघं ओरडून ठरवतात. बेसबॉलमध्ये बॉल मैदानात गेला की पळायचंच. आमच्या लोकांचे पाय कोणी ओरडल्याशिवाय हलत नाहीत. सहा वर्षं बाकावरून "पळ, मेल्या!" असं मी ओरडत होते. आता ओरडायला कोणी नव्हतं आणि रणजीवाले आपलाच फटका बघत उभे. त्यांच्या तिन्ही मॅचेस मी कुंपणापलीकडून पाहिल्या आणि, खोटं कशाला बोलू, मला गारगार वाटलं.

दुसऱ्या मॅचमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. सुशीलने मध्येच बॅटिंगचा क्रम बदलला. क्रिकेटमध्ये कॅप्टनला वाटेल तेव्हा वाटेल त्याला पाठवता येतं. बेसबॉलमध्ये सुरुवातीला कागदावर दिलेला क्रम शेवटपर्यंत पाळावा लागतो. चुकीचा माणूस खेळून गेला आणि समोरच्यांनी लगेच, म्हणजे मॅच संपली तर आपले फील्डर मैदान सोडायच्या आत, तक्रार केली, तर त्याचे रन पुसले जातात आणि ज्याची पाळी होती तो बॅट न उचलता आऊट. त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून सुशील सुटला. मी घरी येऊन पुस्तकाच्या त्या पानावर खूण घातली.

सह्याद्रीची चौथी मॅच आमच्याशी, म्हणजे नेल्सशी होती. मी नेल्सना बजावलं, "त्यांचा क्रम मी बघेन. तुम्ही कोणी तोंड उघडायचं नाही."

त्या दिवशी नॉरवेस्टर हा इथला गरम वारा सुटला होता, डोळ्यांत धूळ जात होती. सुशील मला बघून हसला. "काय मंदाताई, पार्टी बदलली? आज डब्यात काय?" त्याचे दोघंतिघं खिदळले. मी म्हटलं, "बघशीलच."

शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही सहा, ते चार. त्यांचे दोन आऊट, तिसऱ्यावर मॅच संपणार, आणि दोन बेसवर माणसं. स्वानंदीची पाळी होती. तिने हेल्मेट घातलं, दोनदा बॅट फिरवली आणि चालू लागली. त्या दिवशी ती दोनदा बेसवर पोचली होती, तिच्या कॅप्टनपेक्षा जास्त. सुशीलने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि चारुदत्तला पुढे पाठवलं.

मी त्यांच्या क्रमाचा कागद पाहिला. चारुदत्त, दुसरा नंबर. स्वानंदी, नववा.

आता नियमाची दुसरी बाजूही सांगते, कारण मला ती माहीत होती. चुकीचा माणूस खेळत असतानाच कोणी बोललं, तर कोणी आऊट होत नाही. त्याला मागे पाठवतात आणि खऱ्या बॅटरला तिची पाळी मिळते. म्हणजे मी तेव्हा हात वर केला असता तर स्वानंदी खेळली असती. मी हात मांडीखाली दाबून बसले.

तिसऱ्या बॉलला चारुदत्तने जो हाणला तो कुंपणापार, पार्क केलेल्या गाड्यांपर्यंत. बेसवरचे दोघं आणि तो, तीन रन. सात-सहा. सह्याद्री नाचायला लागली, कोणीतरी शिट्ट्या मारल्या. सुशील माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडत होता.

मी उठले. "नेल्स, कोणी मैदानातून हलू नका!" असं ओरडले आणि कागद घेऊन अंपायरकडे गेले. अंपायर रिटायर्ड पोस्टमन होता, चष्मा पुसून त्याने माझा आणि स्वतःकडचा कागद शेजारी लावून पाहिले. मग त्याने रन पुसले आणि स्वानंदीकडे बोट करून आऊट दिलं. तिसरा आऊट. मॅच संपली, सहा-चार.

"असं कसं?" सुशीलचा आवाज फाटला. "कॅप्टन मी आहे! कोणाला पाठवायचं ते मी ठरवणार!"

"सहा वर्षं हे मी बघत होते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तू मला डबे बघायला सांगितलंस."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चारुदत्तने हातातलं हेल्मेट त्याच्या पायाशी टाकलं आणि त्याला सगळ्यांदेखत मूर्ख म्हणाला. हा क्षण मी तीन महिने मनात घोळवला होता आणि तो घोळवल्यापेक्षाही गोड निघाला. हेमीने मला उचललं आणि इथल्या भाषेत शाबासकी दिली. "स्वीट ॲज, मॅण्डी!"

मी खाली उतरले तेव्हा स्वानंदी समोर होती. हेल्मेट अजून डोक्यावरच.

"ताई, चारू खेळायला आला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"तेव्हाच बोलला असतात तर मला पाळी मिळाली असती."

"मिळाली असती."

"मग?"

सॉरी म्हणायचं होतं. तोंडातून खरं तेच आलं. "मग तू मारलं असतंस. आणि सुशील जिंकला असता."

तिने हेल्मेट काढलं. "त्याने मला थांबवलं, कारण मी मारणार नाही असं त्याला वाटलं," ती हळू म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं मी मारीन, म्हणून तुम्ही थांबवलंत."

एवढं बोलून ती तिच्या गाडीकडे निघाली. मला लाज वाटली, कानापर्यंत गरम होईल अशी. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून काय सांगणार होते? आणि इतकं होऊनही जिंकल्याचा आनंद काही गेला नव्हता.

हेमी फोटोला बोलावत होता. मी गेले आणि पुढच्या रांगेत मधोमध उभी राहिले.