मास्तर थांबत नाहीत

तीस वर्षं माणसं मास्तरांच्या पँटी घालून जगभर हिंडली आणि मास्तर मात्र कापड कापायच्या टेबलाला खेटून उभे राहिले. त्यांच्या एका पँटीने विमानातून दोन समुद्र ओलांडले. एक निवडणुकीला उभी राहून पडली. एक तर फसवणुकीच्या खटल्यात दोन वर्षं आत जाऊन आली आणि सुटल्यावर कमरेत आवळून घ्यायला पुन्हा मास्तरांकडेच हजर झाली. "माझ्या शिलाईनं जेवढं जग बघितलंय, तेवढं मी बघितलेलं नाही," असं मास्तर म्हणत. गिऱ्हाईक हसे. मास्तर हसत नसत.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या पायाला भिंगरी लागली. गळ्यात टेप, कानावर खडू आणि लक्ष रस्त्यावर. बँकेच्या मॅनेजरच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तेव्हा घरात विषय निघाला.

"तुम्हाला नक्की जायचंय तरी कुठं?" बायकोने विचारलं.

"कुठं असं नाही. जायचंय."

बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. 'हलू नका, श्वास धरा, सोडा' एवढ्या तीन हुकमांवर तिने छत्तीस वर्षं नोकरी केली होती. त्यामुळे न हलणाऱ्या माणसांविषयी तिला आदर होता आणि नवऱ्याविषयी काळजी. महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती. इस्पितळातल्या मैत्रिणींनी बारा दिवसांची बसची सहल ठरवून तिच्यासाठी खिडकीची जागाही धरून ठेवली होती. मास्तरांनी त्याच बारा दिवसांसाठी समुद्रकाठचा रस्ता ठरवला होता. दोघांनी दुचाकीवरून जायचं, वाटेल तिथं मुक्काम करायचा. दुचाकी तेवढी घ्यायची राहिली होती.

"मोटारसायकलवर टांग टाकायला माझ्याकडं गुडघे नाहीत," ती म्हणाली.

"मोटारसायकल नाहीच. मॅक्सी स्कूटर."

"मॅक्सी मी घरात घालते. ती घालून गावभर हिंडायचं नसतं."

मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. मापांच्या वहीत त्यांनी तीन गाड्यांना एकेक पान दिलं आणि गिऱ्हाइकासारखी त्यांची मापं उतरवली. पहिली छातीत फार भरलेली निघाली. दुसरी पुढून देखणी, पण मागच्या माणसाच्या पाठीला टेकू नाही. तिसरी मात्र अंगावर बेतल्यासारखी. पाचशे साठ सीसी, दोन सिलिंडर, सत्तेचाळीस घोड्यांची ताकद, बटण दाबलं की वर सरकणारी काच, थंडीत गरम होणाऱ्या मुठी आणि मागे सोफ्यासारखी पाठ. ही पाठ मास्तरांनी बायकोला तीनदा वाचून दाखवली.

"सत्तेचाळीस घोडे!" मेहुणा म्हणाला. तो बायकोचा धाकटा भाऊ. मोटारगाडी चालवायचा आणि दर रविवारी सल्ला द्यायला यायचा. "भाऊजी, तुम्हाला गल्लीतलं एक कुत्रं आवरत नाही."

"कुत्र्याला ब्रेक नसतो," मास्तर म्हणाले.

सीटची उंची पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये होती. मास्तरांनी ती इंचांत आणली: साडेएकतीस. त्यांच्या पायाची आतली लांबी साडेएकोणतीस. बुटाची टाच एक इंच, माणूस बसल्यावर गाडी दबते ती एक इंच. झाले साडेएकतीस! कापडाच्या दुकानातही एवढं नेमकं बसत नाही. शोरूममधला विक्रेता पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, एकदा बसून तर बघा." मास्तरांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"अंगावर चढवून गिऱ्हाईक बघतं. मास्तर मापावरून सांगतो."

गाडी ताब्यात आली त्या दिवशी विक्रेत्याने ती स्टँडवरून उतरवून दिली. मास्तर बसले, आणि त्यांच्या दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला जेमतेम शिवले. टाचा हवेत. खाली सव्वादोनशे किलो लोखंड, तेही डावीकडे झुकू का उजवीकडे असा विचार करणारं. "नवी आहे," मास्तर म्हणाले, "वापरानं बसेल." आणि मूठ पिळून निघून गेले.

चालताना गाडी म्हणजे निव्वळ लोणी. पोटात गुदगुल्या होतील अशी उसळी, वळणावर कातरीसारखी सफाई. अडचण फक्त थांबण्याची होती. म्हणून मास्तर थांबेनासे झाले.

लाल दिवा दोनशे पावलांवर दिसला की ते वेग कमी करत, गोगलगायीसारखे सरपटत, हिरवा होईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजत. नाहीच झाला तर पहिल्या गल्लीत घुसून चौकाला वळसा घालून परत येत. शहरातला कुठला फुटपाथ कुठं किती उंच आहे हे त्यांना तोंडपाठ झालं, कारण त्या कडेवर एक पाय टेकला तरच त्यांना जगात उभं राहता येई. दवाखान्यासमोरचा उत्तम, शाळेसमोरचा बुटका, पोस्टासमोरचा खचलेला. दुकान उघडायला ते वीस मिनिटं उशिरा पोचत. त्यातली पंधरा मिनिटं दुकानाभोवती फिरण्यात जात, कारण दुकानासमोर एकच कडेची जागा होती आणि तिथं दूधवाल्याची गाडी उभी असे.

एकदा एका गिऱ्हाइकाने रस्त्यातून हाक मारली, "मास्तर, माझी पँट?"

"गुरुवारी!" मास्तर ओरडले आणि पुढे गेले. चार मिनिटांनी ते त्याच रस्त्यावर पुन्हा उगवले. "पण दुपारनंतर!"

गिऱ्हाईक तिथंच उभं होतं. "बटणं काळी लावा!" ते ओरडलं. त्यावर मास्तर काय म्हणाले ते ऐकायला त्याला आणखी चार मिनिटं थांबावं लागलं.

घरीही तीच तऱ्हा. जेवताना पाय हलायचे, झोपेत हाताची मूठ वळायची. रात्री कधी दचकून "लाल, लाल" म्हणायचे.

"ऐका," बायको शेवटी म्हणाली. "बसवाल्यांना शुक्रवारी नक्की नावं द्यायचीत. त्याआधी मला मागं बसवा आणि चढावरच्या मोठ्या सिग्नलला थांबून दाखवा. नुसतं थांबायचं. डुगडुगायचं नाही. जमलं तर तुमच्याबरोबर येते. नाही जमलं तर मला खिडकी आहे."

"एवढंच ना?" मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना समुद्र बघायचा होता हे खरं, पण एकट्याने बघायचा असता तर त्यांनी सोफ्यासारखी पाठ कशाला शोधली असती?

मंगळवारी दोघं निघाली. चढ आला, दिवा लाल झाला, पुढे ट्रक, मागे योगायोगाने मेहुण्याची मोटार. पळायला गल्ली नाही, टेकायला फुटपाथ नाही. मास्तर थांबले. त्यांनी डावा पाय खाली सोडला. पाय गेला, गेला आणि जमीन येईना. गाडी अतिशय सावकाश, अतिशय सभ्यपणे, म्हातारी म्हैस बसावी तशी डाव्या कुशीवर बसली. बायको वेळीच पाय काढून बाजूला उतरली, बसथांब्यावर उतरावी तशी. मास्तर गाडीबरोबर खाली गेले. लागलं कुणालाच नाही, एक आरसा तेवढा खरचटला.

मेहुण्याने येऊन गाडी उभी करायला हात लावला. "भाऊजी," तो म्हणाला, "सत्तेचाळीस घोडे एकदम झोपले की हो!"

त्या संध्याकाळी मास्तरांनी दुकानाचा छापील कागद काढला आणि कंपनीला पत्र लिहायला घेतलं. 'आपण जाहीर केलेली सीटची उंची धादांत खोटी असून, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या शिंप्याच्या मापाशी ती ताडून पाहता...' बायकोने खांद्यावरून वाचलं.

"हे पाठवणार?"

"वर्तमानपत्रालाही पाठवणार. माझी आतली लांबी साडेएकोणतीस आहे. मोठ्या मास्तरांनी स्वतः घेतलेलं माप आहे हे."

मोठे मास्तर म्हणजे त्यांचे गुरू. त्यांच्या हाताखाली होते तेव्हा या मास्तरांना सगळे 'लहान मास्तर' म्हणत. गुरू जाऊन बावीस वर्षं झाली तरी लोक 'लहान'च म्हणत. वयामुळे म्हणत असावेत, अशी मास्तरांची समजूत होती.

बायकोने खुर्ची ओढली आणि समोर बसली. "माप कधी घेतलं होतं?"

"शिकायला लागलो तेव्हा. सोळाव्या वर्षी."

"वाढत्या अंगाचं माप होतं ते. दीड इंच पुढचं धरून घेतलेलं." ती उठली. "अंग वाढलं नाही."

तिने कपाट उघडलं, हाताला आली ती पँट काढली आणि तळ उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. आत दीड इंच कापड दुमडून तुरपलेलं होतं. तुरपाई सुबक होती, पण टाका मास्तरांचा नव्हता.

"नवी पँट आणलीत की मी पाण्यातून काढते ना," ती म्हणाली, "तेव्हाच."

"मला वाटायचं, कापड आटतं."

"आटत नाही."

"मी गिऱ्हाइकांनाही दीड इंच जास्त धरून देतो. आटेल म्हणून."

"माहीत आहे. त्यांच्या बायका एक्स-रेला आल्या की मला सांगतात."

मास्तरांनी कपाटातल्या सगळ्या पँटी एकेक करून उलट्या केल्या. सतरा निघाल्या. मग ते पलंगावर बसले आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचे पाय हलत नव्हते.

"सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"काय अडलं होतं?" ती म्हणाली. "जमिनीवर चालताना पुरत होते की पाय." मग जराशाने, "आजही बोलले नसते. पण उद्या पेपरात आलं असतं."

ते पत्र गेलं नाही. बुधवारी दुकानाचं दार दिवसभर आतून बंद होतं. दुपारी बायको इस्पितळातून परस्पर तिकडे गेली तेव्हा सीट टेबलावर उताणी पडली होती, कव्हर सोललेलं, आणि मास्तर फोमवर खडूने रेघा मारत होते.

"माप घे माझं," ते तिला म्हणाले. टेप तिच्या हातात देताना त्यांनी नजर भिंतीवर ठेवली होती. "खरं सांग."

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "हलू नका हो. अठ्ठावीसच."

त्यांनी ते वहीत लिहिलं. जुना आकडा खोडला नाही, शेजारी नवा लिहिला. मग पावाच्या सुरीने फोम दीड इंच उतरवला, पुढून दोन्ही बाजूंनी चिमटा घेतला म्हणजे मांड्या फाकणार नाहीत, आणि कव्हर नव्याने शिवलं, दुहेरी टाक्याने. मागच्या सीटला हात लावला नाही. त्यामुळे गुरुवारी सकाळी बायको मागे चढून बसली तेव्हा ती नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच दिसत होती. तिला त्यांच्या डोक्यावरून सगळा रस्ता दिसत होता.

"इथून बरं दिसतंय," ती एवढंच म्हणाली.

चढ आला. दिवा लाल झाला. मास्तरांनी ब्रेक लावला, पाय सोडले. डावी टाच टेकली. उजवी टेकली. दोन्ही तळवे सपाट, फरशीवर उभं राहावं तसे. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग चौकातल्या घड्याळाकडे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी मान हलवून नमस्कार केला. त्यानेही घाबरून केला.

दिवा हिरवा झाला. मागे एक हॉर्न वाजला, मग तीन.

"अहो, हिरवा झालाय."

"होऊ दे. त्या कोपऱ्यावर चप्पलचं दुकान आहे, तुला माहीत होतं?"

"मला माहीत होतं. तुम्ही निघा आता, मागं रांग लागलीय."

"जरा टेकू दे की. इतक्या दिवसांनी थांबलोय."

मागून तिच्या गुडघ्याने त्यांच्या बरगडीत एक ढुशी बसली. "बारा दिवसांत मला हा एवढाच चौक दाखवणार आहात का?"

मास्तरांनी गर्रकन मान वळवली. "म्हणजे बसवाल्यांना..."

"सकाळीच सांगितलं. माझी खिडकी दुसऱ्या कुणाला दिली. पुढं बघा! लाल व्हायच्या आत निघा!"

मास्तरांनी मूठ अशी पिळली की तिने दोन्ही हातांनी सोफ्यासारखी पाठ घट्ट धरली. सिग्नल पिवळा झाला होता.