उजेड पाडणारी कवळी

खोटं वाटेल, वाटू दे. पण एका माणसाच्या कवळीच्या उजेडाने अख्ख्या इमारतीची झोप उडवली होती, असं कवळीवाल्याने सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं. खुर्चीत बसलेल्या बाईंचा विश्वास बसला नाही तरी त्याची हरकत नव्हती. त्याला त्यांचा होकार हवा होता.

बाई निवृत्त शिक्षिका. तोंडाचं पुरतं बोळकं झालेलं, आणि नातीच्या लग्नाआधी पहिली कवळी बसवायची होती. कवळीवाल्याने दातांच्या नमुन्यांची पट्टी खिडकीपाशी धरली होती. एका टोकाला जुन्या हस्तिदंताचा रंग, दुसऱ्या टोकाला पांढराफटक. बाईंचं बोट पांढऱ्या टोकावर जाऊन बसलं होतं ते हलायचं नाव घेत नव्हतं.

त्या टोकाचा त्याला मनस्वी तिटकारा. समोर दातांचा नवा दवाखाना निघाल्यापासून गावभर ही साथ पसरली होती. ज्याला त्याला तोंडात न्हाणीघराच्या फरशा हव्या. सत्तरीचे म्हातारे हसले की धुऊन पालथ्या घातलेल्या बशाच आठवाव्यात. त्याने मात्र जन्मभर दाताला मुळाशी किंचित पिवळी छटा दिली, पुढचा एखादा दात मुद्दाम तिरका लावला. बघणाऱ्याला वाटावं, हे याच्याच जबड्यात उगवलेत. आता तसं काम मागणारं कुणी उरलं नव्हतं. बाईही हातच्या गेल्या, तर रंगाचे ब्रश गुंडाळून ठेवायचे आणि त्यानेही फरशाच बसवायच्या.

म्हणून त्याने साहेबाची गोष्ट काढली. एक बडा साहेब, अंगापेक्षा ऐट मोठी. हट्टाने पांढरीशुभ्र कवळी करून घेतली. पहिल्याच दिवशी ऑफिसात हसला, तर समोरच्या कारकुनाने डोळ्यांवर फाईल धरली. जिन्यातला दिवा गेला की इमारतीतले लोक त्याला पुढे घालायचे आणि म्हणायचे, साहेब, जरा हसा, पायऱ्या दिसू द्या. जांभई दिली की दिव्यावर यावीत तशी चिलटं थव्याने तोंडात शिरायची. बाईंना हसू आवरेना. ते पाहून कवळीवाल्याला आणखी चेव चढला.

"आणि बायकोचे हाल तर विचारूच नका, बाई. हा रात्रभर आ वासून घोरायचा, खोलीत लख्ख उजेड. ती बिचारी उशाशी छत्री उघडून झोपायची. शेवटी कंटाळून माहेरी निघून गेली. का, तर पांढऱ्या दातांपायी."

बाईंनी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पांढरं टोक आरशासमोर ओठांशी धरून पाहिलं.

"कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांची रोज मीच ठेवते, तुमच्याच हातची. सकाळी उठल्या उठल्या त्या पिवळ्या दातांचं दर्शन होतं, म्हणून तर पांढरी मागतेय. तुमचा साहेब काय पेल्यात घोरत होता?"