करप्याच्या गळ्याखालची गाठ

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. माझे पुढचे दोन दात पडले आहेत, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत आणि गळ्याखाली डाव्या बाजूला टाक्यांची एक रेघ आहे. मुले विचारतात, "याला कोणी चावलं का?" चावले कोणीच नाही. जे झाले ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका बेकरीच्या मागे, जळणाच्या लाकडांच्या ढिगाखाली झाला. भावंडे कुठे गेली ते मला ठाऊक नाही. लाकडे काढताना बेकरीच्या मालकांचा हात माझ्यावर पडला. त्यांनी मला उजेडात धरले आणि ते मोठ्याने हसले.

"अगं, बाहेर ये! हा बघ, भट्टीत विसरलेल्या पावासारखा दिसतोय!"

मालकीणबाई पिठाचे हात पुसत आल्या. "करपलाय खरा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी करप्या.

पुढे नऊ वर्षे मी त्या बेकरीत इमाने इतबारे चाकरी केली. पिठाच्या पोत्यांच्या खोलीत उंदीर फिरकू दिला नाही. दिवसा दुकानाच्या पायरीशी बसायचो. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा रोज सकाळी यायचे आणि आधी मला विचारायचे, "काय करप्याशेठ, आज पाव कसा जमलाय?" मी शेपटी आपटली की मगच पाव घ्यायचे. माझे इतके कौतुक झाले, की मालकांनी कागदी पिशव्यांवर माझे चित्र छापून घेतले. कान जरा मोठे काढले होते, पण मी मनावर घेतले नाही.

खोडी माझ्यातही होत्या. लाकडाच्या ढलप्या चघळायची मला भारी हौस. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तिच्यामागे झेप घ्यायचो, आणि मालक साखळीला असा हिसका द्यायचे की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग तेच पाठीवरून हात फिरवायचे. हिसका मी तेवढ्यात विसरून जायचो.

दहावे वर्ष लागले आणि माझ्या गळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती. हात लावला तर पाणी भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागायची. "चरबी असेल," मालक म्हणाले. महिन्याभरात ती मोसंब्याएवढी झाली. जिभेखालीही एक फुगवटा आला. चावताना तो दाताखाली यायचा, आणि तोंडातून लालसर, चिकट लाळ पायरीवर गळायची.

एके दिवशी एका बाईने आपल्या मुलीला झटकन मागे ओढले. "अहो, पिसाळला की काय हा?"

"छे, छे! लसी टोचल्यात त्याला," मालक म्हणाले. पण त्याच दुपारी त्यांनी मला मागे, लाकडांपाशी नेऊन बांधले. दुकानात कोण आले, कोण गेले, ते मला फक्त आवाजांवरून कळू लागले. आजोबांचा आवाज यायचा, "करप्या दिसत नाही?" मी भुंकायचो. पण भट्टीच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जाणार?

शेवटी मालकीणबाईंनी धोशा लावला, तेव्हा मालकांनी मला दोन्ही हातांवर उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेले. त्यांचा सदरा माझ्या लाळेने भिजला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते वाईट माणूस असते, तर मला एवढे लागले नसते.

डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घातली. आतून तार धरणारे, दाट पाणी आले.

"कॅन्सर आहे का हो?" मालकांनी विचारले.

"तसं वाटत नाही, तरी काढलेला भाग तपासून घेऊ. ही लाळ आहे. लाळेची ग्रंथी किंवा तिची नळी आत कुठेतरी फाटली, की लाळ तोंडात यायच्या ऐवजी कातडीखाली साठत जाते. नुसती सुईने काढली तर पुन्हा भरणार. या बाजूच्या ग्रंथीच काढाव्या लागतील."

"मग तोंड कोरडं पडेल ना त्याचं?"

"बाकीच्या ग्रंथी आहेत की. काही होत नाही. बरं, साखळीला हिसके देता का? किंवा तो लाकूड वगैरे चघळतो? कारण नक्की सांगता येत नाही, पण अशानेही होतं."

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिसके? अहो, पोटच्या पोरासारखा सांभाळलाय त्याला."

आणि ते ऐकून, मित्रांनो, मी शेपटी हलवली.

जाताना ते माझ्या कानाशी वाकले. "चार दिवसांत न्यायला येतो हं. शहाण्यासारखा राहा."

शस्त्रक्रिया झाली. गळ्यातून साचलेले पाणी वाहून जायला एक नळी लावली होती, तीही निघाली. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी मला चमच्याने पातळ भात भरवायच्या. चौथा दिवस गेला. टाके निघाले. तपासणीत कॅन्सर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मालकांना तीनदा फोन केला. एकदा "उद्या येतो" झाले, एकदा "परवा नक्की". तिसऱ्यांदा फोन वाजत राहिला.

"माणूस कामात अडकला असेल," मावशी म्हणाल्या. "चल, आपणच जाऊ."

कोपऱ्यावरच मला ताज्या पावाचा वास आला. मी मावशींना अक्षरशः ओढत नेले. दुकानासमोर गर्दी होती, आजोबाही होते. पायरीशी माझ्या साखळीला एक पिल्लू बांधलेले होते. माझ्यासारखेच काळपट तपकिरी.

मालक बाहेर आले आणि म्हणाले, "करप्या, बस!"

मी बसलो. पिल्लू उभेच राहिले.

आजोबांनी मला पाहिले. "अरे, हा तर आपला करप्या! बरा झाला की!"

मालकांनी माझ्या भादरलेल्या गळ्याकडे पाहिले, मग गिऱ्हाइकांकडे. "नाही हो, आजोबा. आपला करप्या हा इथे. तो कुठला तरी भटका दिसतोय."

"भटका?" मावशींचा आवाज चढला. "अहो, सही करून तुम्हीच सोडलंत ना याला?"

मालक खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, घेऊन जा त्याला. लोकांच्या मनात एकदा बसलं की बसलं. परत लाळ गळायला लागली तर?"

"गाठ गेली. लाळ थांबली."

"घेऊन जा म्हटलं ना!"

मला वाटले, त्यांनी मला नीट ओळखले नसेल. म्हणून मी पुढे झालो आणि त्यांच्या तळहाताला नाक लावले.

"हाड!" त्यांनी पाय आपटला.

तो शब्द ते इतर कुत्र्यांना म्हणायचे, तेव्हा मीही शेजारी उभा राहून भुंकायचो. काचेमागे मालकीणबाई होत्या. त्यांनी सगळे पाहिले आणि खाली मान घालून पिशव्या मोजायला घेतल्या. आजोबांनी हातातला पाव परत काउंटरवर ठेवला आणि ते निघून गेले.

तेवढ्यात एक मोटारसायकल गेली. पिल्लाने झेप घेतली आणि मालकांनी साखळीला हिसका दिला. त्या पिल्लावर माझा राग नाही. त्याला नाव दिले गेले, त्याने काही मागितले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर अधूनमधून त्याच्या जबड्याखाली हात फिरवा, जीभ बाजूला करून बघा. दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका. गळ्याला हिसके देऊ नका. आणि त्याला दवाखान्यात ठेवलेत, तर न्यायला जा. तो बरा झाला की नाही, हे त्याला तुमच्या येण्यावरून कळते.

आता मी मावशींकडे राहतो. त्यांचे घर दोन खोल्यांचे, पण दाराशी साखळी नाही. त्या मला नावाने बोलावत नाहीत, नुसते "ये रे" म्हणतात. मी जातो, पण दोन पावले अलीकडेच थांबतो. तिथून पुढे माझे पाय उचलतच नाहीत. मावशी त्याबद्दल मला कधी रागे भरल्या नाहीत. भाताची ताटली हातात घेऊन ती दोन पावले त्या स्वतःच चालून येतात.