गोदाचे चाळीस ठिपके

राजनंदिनी मूळची वर्ध्याची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. आता कोथरूडमधल्या एका संस्थेच्या ऑफिसात बसून ती अरबी समुद्रातल्या सहा कासवांवर लक्ष ठेवत होती. फेब्रुवारीत कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या या माद्यांच्या पाठीवर टॅग चिकटवले होते. कासव श्वासासाठी वर आलं, की टॅग उपग्रहाला संदेश पाठवायचा आणि नकाशावर ठिपका उमटायचा.

मार्चमधल्या एका सोमवारी गोदा नावाच्या मादीचे ठिपके एकदम वाढले. एरवी दिवसाला आठ-दहा. त्या दिवशी सकाळी अकरापर्यंतच चाळीस.

प्रकल्पप्रमुख दत्तप्रसाद सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "टॅग निखळून तरंगतोय. पुढचं बघा."

"सर, सुटा टॅग बुडी मारत नाही. हा मिनिटभर पाण्याखाली जातोय आणि परत वर येतोय. सारखं तेच. तिला खाली जायचंय, पण जाता येत नाहीये. जाळ्यात अडकली असणार."

"मग आपण पुण्याहून कात्री घेऊन निघायचं का?"

राजनंदिनी फोनकडे वळली. तिनं मच्छीमार सोसायट्यांचे नंबर शोधले आणि फोन लावायला सुरुवात केली. एकानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, "कासवासाठी डिझेल जाळायचं?" तिसऱ्यानं नुसतंच हसून ठेवला. सहावा फोन जयगडच्या एका बोटीच्या प्रमुखाला, हरेश्वर तांडेलांना लागला.

"बोट दुपारी निघणारच आहे," ते म्हणाले. "पण समुद्र केवढा! नेमकी कुठं शोधू?"

गोदा ताशी साधारण एक किलोमीटर दक्षिणेला वाहत होती. चार वाजता ती कुठं असेल, याचा हिशेब राजनंदिनीनं आधीच मांडला होता. तो तिनं सांगितला. "रेंज असेपर्यंत नवीन ठिपका आला की कळवत राहीन, काका."

चार वाजले, पाच वाजले. फोन लागेना. साडेसहाला हरेश्वरांचाच आला.

"सापडली! कुणीतरी फेकलेलं नायलॉनचं जाळं होतं, मानेपासून गुंडाळलेलं. आम्ही चौघांनी मिळून कापलं. पुढचा डावा पाय सोललाय. अर्धा तास ओलं पोतं टाकून बोटीवर ठेवली, मग सोडली."

"पोहली?"

"सरळ खाली गेली."

मंगळवारी एकही ठिपका आला नाही. सर दिवसभरात तीनदा तिच्या टेबलापाशी येऊन गेले. दर वेळी नकाशा बघून परतले.

बुधवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी एक ठिपका उमटला, गोदाला सोडलं त्या जागेच्या नऊ किलोमीटर पश्चिमेला, खोल पाण्यात. दोन तासांनी दुसरा. राजनंदिनीचे डोळे भरून आले.

सरांनी खुर्ची ओढली. "बरं. आणि बाकीच्या पाच जणींपैकी कुणी अडकली, तर परत सहा फोन?"

"नाही सर. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदरातले दोन तांडेल हवेत आपल्याला. हरेश्वरकाकांनी सात नंबर दिलेत."

"बाकीचे?"

"मिळवतेय," ती म्हणाली, आणि तिनं पहिला नंबर फिरवला.