पुठ्ठ्याला चिकटलेलं माझं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनी साहसपुस्तिका आहे. मुखपृष्ठावरची अर्धी अक्षरं घासून गेली आहेत आणि पाठीतल्या दोन्ही पिना गंजल्या आहेत. पण म्हणून मला हलकं समजू नका. माझ्या पोटात एक विमान आहे, बर्फाचा डोंगर आहे, डोंगराआड हरवलेलं एक शहर आहे. शेवट तेवढा नाही. तो कसा गेला, तेच सांगते.

माझा खेळ सोंगट्यांचा नाही. टेबलाभोवती बसून तोंडाने खेळायचा. एक जण सूत्रधार होतो, माझ्यातलं वाचून प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. माझा काळ पंख्याच्या विमानांचा, गुप्तहेरांचा, गुहेत कंदील घेऊन शिरणाऱ्या संशोधकांचा. तुमच्या पणजोबांच्या तरुणपणीचा म्हणा ना.

एका लहानशा छापखान्यात माझ्या मोजक्याच प्रती निघाल्या. पुढे दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्या शहाण्यांनी कागद वाचवायला शेवटचं साहसच गाळून टाकलं. त्या आवृत्तीला मी बहीण मानत नाही.

मला घरी आणलं ते बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने. रद्दीच्या ढिगातून त्याने मला ओढून काढलं आणि शर्टाला पुसून बहिणीपुढे ठेवलं. बहीण कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला थोरली म्हणायची आणि त्याला धाकटा. दर रविवारी दुपारी कापड बेतायचं टेबल रिकामं व्हायचं आणि खेळ मांडला जायचा. थोरली सूत्रधार, धाकटा वैमानिक. कोपऱ्यावरचा औषधवाला जुन्या लिप्या वाचणारा प्राध्यापक व्हायचा. विमानात बसून बसून त्याला खरोखर मळमळायचं, आणि धाकटा त्याला त्याच्याच दुकानातली गोळी घ्यायला सांगायचा.

थोरलीची एक रीत होती. खेळाच्या आधी अर्धा तास, तेवढ्याच रविवारापुरतं ती मला वाचायची. पुढचं पान उलटायची नाही. कारण धाकटा तिचा चेहरा वाचायचा. पुढे दगा आहे हे तिला कळलं की भुवई हलायची, आणि हा पठ्ठ्या लगेच विमान वळवायचा. तेव्हा तिने ठरवलं की आपल्यालाच माहीत नसेल तर चेहरा काय सांगणार. तिच्या त्या वाचण्याइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. बोटाला शिवणयंत्राच्या तेलाचा वास असायचा.

एका रविवारी विमान बर्फाच्या डोंगरावर पोचलं. उजवा पंखा बंद पडला, टाकीत फाशांच्या तीन फेऱ्यांपुरतं तेल उरलं. माझ्या शेवटच्या पानावर त्या डोंगराचा नकाशा होता. थोरलीने तो मोठ्या कात्रीने कापला, टेबलावर सपाट राहावा म्हणून जाड पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला आणि वर इस्त्रीचं वजन ठेवलं. मित्रांनो, कापडाची उलटी बाजू पाहिल्याशिवाय कात्री न लावणारी ही बाई. पण तिने पानाची उलटी बाजू पाहिली नाही. पुढचं पाहायचं नाही, ही रीतच होती ना. माझा शेवट त्या मागच्या बाजूला छापलेला होता.

अर्ध्या तासाने तिला ते कळलं. तिने इस्त्रीची वाफ देऊन पान सोडवायचा प्रयत्न केला. डोंगराला फोड आले, अक्षरांचा लगदा झाला. औषधवाला म्हणाला, तुमच्याच मनाने काहीतरी सांगा, आम्हाला काय कळतंय. त्यावर ती एवढंच बोलली, "दुसऱ्या कापडाची बाही मी कुणाच्या सदऱ्याला लावलेली नाही." खेळ तिथेच थांबला.

महिन्याभरात धाकट्याला दूरच्या बंदरावर जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळालं. दोन वर्षांत येतो म्हणून गेला, नऊ वर्षं झाली. जाताना म्हणाला होता, तू पुस्तक शोध, मिळालं की मी आलोच. थोरलीने ते शब्द कनवटीला बांधल्यासारखे जपले.

मग शोध सुरू झाला. थोरली रद्दीची दुकानं पालथी घालायची. औषधवाला आपल्यासारख्याच खुळ्यांना पत्रं लिहायचा. जुन्या साहसपुस्तिका जमवणारे लोक गावोगाव असतात, एकमेकांना याद्या पाठवतात, अदलाबदल करतात. थोरली सगळ्यांना बजावायची, पहिलीच आवृत्ती हवी, पानं चौसष्ट, मोजून बघा. तरी लोक भलतंच पाठवायचे. हवाई जहाजांची माहितीपुस्तकं आली, जंगलातल्या देवळांची आली, त्या काळच्या बंदुका आणि मोटारींची जाडजूड यादी आली. ती शहाणी दुसरी आवृत्ती तर तीनदा आली. फळी भरली. गुळगुळीत कागदाची ती पोरं माझ्या शेजारी ऐटीत उभी राहायची. कुणाचं एक पान दुमडलेलं नव्हतं. मी त्यांना सुनावलं, बाबांनो, न दुमडता म्हातारं होण्यात कसली आली मर्दुमकी.

पण खरं सांगू? पाकीट फाडल्याचा आवाज आला की माझ्याही पिना ताठ व्हायच्या. कापलेल्या कडेपाशी अजून ठणकायचं. थोरली शेवटचं पान बघायची, पुस्तक मिटायची, आणि फळीवर ठेवताना माझ्यावरून एकदा हात फिरवायची.

परवाच्या रविवारी औषधवाला धापा टाकत आला. औषधाच्या पिशवीतून त्याने हुबेहूब मला बाहेर काढलं. पहिली आवृत्ती, चौसष्ट पानं. थोरलीने पानं मोजली, शेवटचं पान फक्त चिमटीत धरून पाहिलं, वाचलं नाही. मग धाकट्याला फोन लावला.

"मिळालं रे," ती म्हणाली.

पलीकडे इंजिनाची घरघर होती. "शेवट वाचलास?"

"तुझ्याशिवाय कशी वाचेन? आता कधी येतोस ते सांग. नाहीतर फोनवरच उरकू. औषधवाले बसलेत, फासे काढून ठेवलेत."

"फोनवर नको, ताई. विमान हवेत आहे तोवर मला यायला कारण आहे. एकदा उतरलं की संपलं."

"मी काय तुला दारातून परत पाठवणार आहे?"

"तू नाही पाठवणार. मीच म्हणेन, आता कशाला जायचं."

थोरलीने पदराने चष्मा पुसला. तिची भुवई हलली, पण पाहायला तो समोर नव्हता.

"टाकीत तेल किती आहे, ठाऊक आहे ना?" तिने विचारलं.

"तीन फेऱ्यांचं."

"मी साठीची झाले. तेवढं लक्षात ठेव," ती म्हणाली आणि फोन ठेवला. औषधवाल्याने फासे डबीत भरले.

ती धडधाकट प्रत आता माझ्या शेजारी उभी आहे. माझा शेवट तिच्या पोटात आहे, माझ्यापासून वीतभरही लांब नाही. विचारलं तर सांगेलही. मी विचारत नाही. थोरली थांबली आहे, तर मीही थांबेन.

मित्रांनो, पुस्तकाला कात्री लावण्याआधी पान उलटून बघा. जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका, कुणीतरी त्यांची पानं मोजत फिरत असतं. आणि घरापासून लांब असाल, तुमचा डाव कुणी तसाच मांडून ठेवला असेल, तर कारणं जपत बसू नका. या.