पहिल्या वाटीचं दूध

"सोडा घातलायस तू, बाळी! सोडा!"

दूध केंद्रावरच्या महेशनं कागदाची पट्टी माझ्या नाकासमोर नाचवली. लाल पट्टी, दुधात बुडवल्यावर निळी झालेली. असले कागद केंद्रावर आजच आलेले. "आजपास्नं तुझं दूध बंद."

गावात दूध घ्यायचं केंद्र येवढं एकच. दुसरं बघायचं तर रान तुडवत रामनगर गाठायचं. माझ्या दोन म्हशी काय वढ्यात पिळू मी? डोसकंच फिरलं माझं.

"अरं मुडद्या, सोडा घालायला मी काय शिळं दूध आणलंय? आत्ता पिळलंय! परत बघ की!"

"कागद खोटं बोलत न्हाई."

मागनं माझी शेजारीण रेश्मा म्हणती कशी, "तरी म्हटलं, हिचं दूध कधीच कसं नासत न्हाई!" सगळी फिदीफिदी हसली. तिचं दूध त्याच वाटीत तपासलं, तर कागद लालच्या लाल. तोंड वर करून गेली भवानी.

मी टेबलावरचे मूठभर कागद उचलले. महेश वरडाय लागला. वरड म्हटलं.

घरात दिसंल त्यात बुडवत सुटले. ताकात लालच. चिंचंच्या कोळात, भिरंडाच्या आंबट सोलात लालच. साबणाच्या पाण्यात निळा. पानाच्या चुन्यात निळा. भांडी घासायची राख भिजवून टेकवला, तर निळाशार!

आन् डोळ्यापुढं महेशची बायकू आली, सुनयना. नळाला पाणी न्हाई म्हणून तपासायची वाटी राखंनं घासायची आणि नुस्ती फडक्यानं पुसायची तिची रीत. त्या वाटीत पहिलं दूध रोज माझं. तिची राख माझ्या दुधानं धुतली, आन् रेश्मा ठरली धुतल्या तांदळासारखी!

लगेच जाऊन सांगितलं का? न्हाई सांगितलं. रेश्माचं हसू कानात वाजत हुतं.

दुसऱ्या दिवशी दूध आन् पाण्याची कळशी घिऊन केंद्राफुडच्या फणसाखाली बसून ऱ्हायले. पहिली गेली रेश्मा. कागद निळा.

"तू बी सोडा?" महेश खेकसला.

"उळवीच्या देवाची आण! बाळीअक्का, तू तरी सांग गे!" रेश्मा हमसून रडाय लागली. रडू दिलं जरा. मग उठले.

"सुनयना, दुसरी वाटी आण. रोज घासतीस तशीच घास आन् पूस."

माझ्या कळशीतल्या पाण्यात कागद बुडवून दाखवला, लालच. तेच पाणी त्या वाटीत वतलं, कागद बुडवला. निळा.

"ह्या पाण्यात कुणी सोडा घातला रं, महेश?"

सुनयनानं वाटी पदराखाली घेतली. महेशनं खाली मान घालून दोघींचं दूध मापलं.

वाटंत रेश्मानं गाठलं. "अक्का, तुला आदीच ठावं हुतं?"

"व्हय."

"मग मला रडीवलंस कशाला?"

"तू हसलीस म्हणून," म्हटलं, आन् म्हशी सोडाय गेले.